लॉगिंगचा वेग किती ठेवायचा? १०० मिलिसेकंद, १ सेकंद की १० सेकंद

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लान्टमध्ये बॉयलर, तीन रिॲक्टर, दोन कॉम्प्रेसर आणि पाण्याची यंत्रणा मिळून साधारण १२०० टॅग आहेत, म्हणजे नोंदवायची एकेक मोजमापं किंवा सिग्नल. सिस्टिम बसवणाऱ्याने सगळ्यांना सरसकट १० सेकंदांचं लॉगिंग लावून दिलंय, म्हणजे दर १० सेकंदांनी एक नोंद. उत्पादन विभागाची तक्रार आहे की ट्रिप (यंत्र आपोआप बंद पडणं) का झाली ते या ट्रेंडवरून (नोंदींच्या आलेखावरून) कळत नाही, तेव्हा सगळं १०० मिलिसेकंदांवर आणा. आयटीवाले म्हणतात, सर्व्हर भरून जाईल. मग बरोबर आकडा कोणता?

अख्ख्या प्लान्टला मिळून एक आकडा असतो, ही समजूत आधी सोडून द्या. तुमच्या १२०० टॅगपैकी १०० मिलिसेकंदांची खरोखर गरज असलेले बोटांवर मोजण्याइतके निघतील. १ सेकंद लागणारे दीडएकशे असतील. बाकीच्या मोठ्या गठ्ठ्याला १० सेकंद पुरून उरतात. आणि ट्रिपचं कारण शोधणं हे काम लॉगिंगचा वेग वाढवून बहुतेक वेळा साधत नाही, त्याला वेगळी सोय लागते. त्याबद्दल पुढे लिहितो.

टॅगची यादी समोर घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: ही नोंद उद्या कोण उघडणार आणि तिच्यातून काय शोधणार? ऑपरेटरला मागच्या पाळीत काय झालं ते बघायचं असतं. लूप (मोजमाप बघून व्हॉल्व्ह हलवणारी कंट्रोलची साखळी) ट्यून करणाऱ्याला व्हॉल्व्ह अडकतोय का ते पाहायचं असतं. ऊर्जेचा हिशेब करणाऱ्याला पंधरा मिनिटांची बेरीज पुरते. ऑडिटरला बॅचचं तापमान मर्यादेबाहेर गेलं नाही याचा पुरावा हवा असतो. एकाच टॅगवर दोघांची नजर असेल तर घाईवाल्याचा वेग धरायचा आणि दुसऱ्याला त्यातून सरासरी काढून द्यायची. ज्या टॅगपुढे कोणाचंच नाव लिहिता येत नाही असे टॅग हमखास सापडतात. ते ६० सेकंदांवर टाका आणि विसरून जा.

यानंतर प्रक्रियेचा स्वभाव बघायचा. टाइम कॉन्स्टंट म्हणजे इनपुट एकदम बदलल्यावर आउटपुटला अंतिम बदलाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ. तो पुस्तकात शोधू नका. लूप मॅन्युअलवर घ्या, व्हॉल्व्हला दोन-तीन टक्क्यांचा धक्का द्या आणि ट्रेंडवर मोजा. तेवढ्या वेळात किमान पाच, शक्यतो दहा नोंदी पडल्या की बदलाचा आकार नीट दिसतो. जाड जॅकेटच्या रिॲक्टरचं तापमान मिनिटांच्या हिशेबाने हलतं, तिथे १० सेकंद भरपूर झाले. द्रवाचा फ्लो दोन-चार सेकंदांत पोचतो, तिथे १० सेकंद म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये अख्खी गोष्ट घडून संपलेली असते.

वेग कमी पडला की फक्त बारकावे हरवतात, असं अनेकांना वाटतं. खरा धोका त्याहून मोठा आहे. ट्रेंड तुम्हाला चक्क खोटं सांगतो. एक फ्लो लूप १२ सेकंदांच्या आवर्तनाने हंट होतोय (सतत खालीवर हेलकावतोय) समजा, ताशी १०० घनमीटरच्या आसपास ४ वर आणि ४ खाली. १० सेकंदांच्या लॉगिंगमध्ये पडणाऱ्या नोंदी अशा येतील: १००, ९६.५, ९६.५, १००, १०३.५, १०३.५, पुन्हा १००. कागदावर काढून बघा, बरोबर एका मिनिटाची सुरेख संथ लाट तयार होते. प्लान्टमध्ये अशी लाट नाहीच. पण हा ट्रेंड बघणारा माणूस एक मिनिटाने हलणारी वस्तू शोधत सुटतो, वरच्या टाकीचा लेव्हल लूप पकडतो आणि त्याचं ट्यूनिंग बिघडवून येतो. हंटिंग करणारा फ्लो लूप तसाच. या खोट्या लाटेलाच एलिअसिंग म्हणतात. लॉगिंग १२ सेकंदांचं असतं तर याच लूपची सरळ आडवी रेघ आली असती आणि सगळ्यांनी त्याची तारीफ केली असती.

नायक्विस्टचा नियम सांगतो की सर्वांत वेगवान हेलकाव्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घ्या. पण ती किमान अट आहे आणि डोळ्याला आकार ओळखू येण्यासाठी ती पुरत नाही. एका आवर्तनात दहा बिंदू हा माझा व्यवहारातला आकडा. १२ सेकंदांच्या हंटिंगला १ सेकंदाचं लॉगिंग म्हणूनच चपखल बसतं. वेग वाढवणं शक्यच नसेल तर निदान त्या क्षणाची किंमत (मोजलेला आकडा) उचलण्याऐवजी १० सेकंदांची सरासरी पीएलसीमध्ये (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) काढून ती लॉग करा. वरच्या उदाहरणात ४ चा हेलकावा त्याने पाऊणवर येतो. खोटी लाट पुरती जात नाही, पण कोणी तिच्या मागे धावेल इतकी मोठीही राहत नाही. गाळणं आधी आणि नमुना नंतर, हा क्रम मात्र उलटा करू नका. एकदा खोटी लाट डेटाबेसमध्ये बसली की मागाहून कुठलाही फिल्टर तिला वेगळी काढू शकत नाही.

आता १०० मिलिसेकंदांच्या मागणीकडे येऊ. तेवढ्या वेगाने तुमच्या सिस्टिममध्ये काही नवीन येतंय का, हे आधी तपासा. किंमत सेन्सरपासून डिस्कपर्यंत पोचताना वाटेत बरेच टप्पे असतात आणि सगळ्यांत संथ टप्पा ठरवेल तोच तुमचा खरा वेग. ट्रान्समीटरमध्ये डॅम्पिंग (सिग्नल गुळगुळीत करणारं सेटिंग) ५ सेकंद ठेवलेलं असेल तर १०० मिलिसेकंदांनी तुम्ही एकच गुळगुळीत रेघ पन्नासदा लिहिताय. थर्मोवेलमधल्या (संरक्षक धातूच्या नळीतल्या) सेन्सरला स्वतःलाच दहा-वीस सेकंद तरी लागतात. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) कार्ड एकेक चॅनेल फिरून वाचतं. गॅस क्रोमॅटोग्राफ (वायूत काय किती आहे ते मोजणारं उपकरण) काही मिनिटांनी एक उत्तर देतो. त्याला दर सेकंदाला विचारून तेच उत्तर शेकडो वेळा साठवण्यात अर्थ नाही, नवं उत्तर आलं की नोंद करा.

सगळ्यांत जास्त फसगत सिरियल लिंकवर होते. ९६०० बॉडचं (सेकंदाला ९६०० बिटचं) मॉडबस आरटीयू (एकाच तारेवरची उपकरणं वाचायची पद्धत) घ्या. पॅरिटीसकट (चूक पकडणाऱ्या जादा बिटसकट) एका बाइटला ११ बिट, म्हणजे बाइटमागे सुमारे १.१५ मिलिसेकंद. १० रजिस्टर (उपकरणातल्या २ बाइटच्या आकड्यांच्या जागा) वाचायला ८ बाइटची विचारणा आणि २५ बाइटचं उत्तर, एकूण ३३ बाइट, म्हणजे ३८ मिलिसेकंद. दोन्ही संदेशांनंतरची शांततेची जागा धरून आणखी ८. समोरच्या उपकरणाने विचार करायला २०-३० मिलिसेकंद घेतले तर एका उपकरणाची फेरी ७० च्या घरात जाते. एकाच तारेवर २० एनर्जी मीटर असतील तर फेरी पूर्ण व्हायला जवळजवळ दीड सेकंद, आणि त्यातलं एखादं मीटर बंद असेल तर टाइमआउट धरून त्याहून कितीतरी जास्त. या टॅगना हिस्टोरियनमध्ये (नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये) १०० मिलिसेकंद लावलं तरी प्रत्येक किंमत पंधरा-पंधरा वेळा लिहिली जाईल, इतकंच. ट्रेंडवर लहान पायऱ्या दिसू लागल्या की ओळखावं, लॉगिंग पोलिंगच्या (उपकरणांना एकेक करून विचारण्याच्या) पुढे धावतंय.

जुन्या पीएलसीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. तिथे कम्युनिकेशनचा वेळ स्कॅनमधूनच (प्रोग्रॅमच्या एका फेरीतूनच) कापला जातो. पोलिंग वाढवलं की स्कॅन टाइम वाढतो, आणि नोंदी छान याव्यात म्हणून तुम्ही कंट्रोलच संथ करून बसता. वेग बदलण्याआधी आणि बदलल्यावर स्कॅन टाइमची कमाल किंमत लिहून ठेवा.

ओपीसी यूए (यंत्रणांमध्ये डेटा देवाणघेवाणीची पद्धत) वापरत असाल तर तिथे सॅम्पलिंग इंटरव्हल (नमुना किती वेळाने घ्यायचा) आणि पब्लिशिंग इंटरव्हल (किती वेळाने पुढे पाठवायचं) ही दोन वेगळी सेटिंग असतात. सॅम्पलिंग १०० मिलिसेकंद, पब्लिशिंग १ सेकंद आणि क्यू साइज (रांगेत थांबू शकणारे नमुने) १ असेल तर दहा नमुन्यांतला शेवटचा एकच पुढे जातो, नऊ वाटेत टाकून दिले जातात. कुठेही एरर येत नाही. क्यू किमान दहाचा, थोडी उसंत धरून वीसचा ठेवा.

बहुतेक प्लान्टमध्ये डेटा खरा कुठे हरवतो, तर कॉम्प्रेशनमध्ये. हिस्टोरियन दोन चाळण्या लावतो. पहिली एक्सेप्शनची किंवा डेडबँडची: मागच्या पाठवलेल्या किमतीपेक्षा ठरावीक फरक पडल्याशिवाय नवी किंमत पाठवायची नाही. दुसरी कॉम्प्रेशनची, बहुधा स्विंगिंग डोअर पद्धतीची: मधले बिंदू एका सरळ रेषेच्या ठरलेल्या मर्यादेत बसत असतील तर ते गाळायचे, फक्त टोकं ठेवायची. कल्पना उत्तम आहे, बिघडवते ती टक्केवारी. ० ते ४०० अंशांचा टॅग आणि डेडबँड स्पॅनच्या (पूर्ण रेंजच्या) १ टक्का म्हणजे ४ अंश. तुमचा रिॲक्टर ८२ अंशांवर एकेक अंश खालीवर करत असेल, तर त्या ट्रेंडमध्ये ८२ ची आडवी रेघ दिसेल. लॉगिंग १ सेकंदाचं असो की १० मिलिसेकंदांचं, रेघ तीच. 'आम्ही तर दर सेकंदाला लॉग करतो' असं सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न डेडबँडचा विचारतो, आणि बऱ्याचदा तो किती आहे हे कोणालाच माहीत नसतं.

डेडबँड स्पॅनवरून ठरवू नका, सिग्नलच्या नॉइजवरून ठरवा. प्रक्रिया स्थिर असताना दहा मिनिटांचा कच्चा डेटा घ्या, किंमत किती थरथरते ते बघा. कॉम्प्रेशनची मर्यादा त्या थरथरीच्या आसपास आणि एक्सेप्शनची त्याच्या निम्मी, इथून सुरुवात करा. त्याहून खूप खाली गेलात तर नॉइजच साठवत बसाल. कार्डाच्या रिझोल्यूशनच्या खाली तर जायचंच नाही. ४०० अंशांच्या रेंजवर १२ बिटचं कार्ड ०.१ अंशाचीच पायरी देतं, तिथे ०.०१ चा डेडबँड हा विनोद आहे.

कंट्रोल लूपच्या पीव्ही (मोजलेली किंमत), सेटपॉइंट (हवी असलेली किंमत) आणि आउटपुट (व्हॉल्व्हला दिलेला हुकूम) या तिन्ही टॅगवर मी कॉम्प्रेशन बंद ठेवतो. व्हॉल्व्ह अडकत असेल तर फ्लो लूपमध्ये आउटपुट करवतीच्या दात्यांसारखं चढतं-उतरतं आणि पीव्ही चौकोनी उड्या मारतो. हा आकार हीच निदानाची खूण, आणि सरळ रेषा बसवणारी पद्धत तिचे कोपरे घासून टाकते. शिवाय कॉम्प्रेस केलेल्या डेटावरून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन खऱ्यापेक्षा कमी येतं, म्हणजे लूप आहे त्याहून चांगला दिसतो. तिन्ही टॅग एकाच क्षणी, एकाच टाइमस्टॅम्पने लॉग व्हायला हवेत. पीव्ही १ सेकंदाने आणि आउटपुट ५ सेकंदांनी, असं केलं तर कोण आधी हलला हेच कळत नाही.

निर्जंतुकीकरणाच्या तापमानालाही कॉम्प्रेशनपासून लांब ठेवा. तिथे मारकतेचा दर प्रत्येक १० अंशांना दहापट होतो असं धरून एफ-शून्य (निर्जंतुकीकरणाची एकूण मात्रा) काढतात, संदर्भ १२१.१ अंशांचा. १ अंशाच्या चुकीने तो दर सुमारे २६ टक्क्यांनी बदलतो. १० सेकंदांचं लॉगिंग इथे चालतं, १ अंशाचा डेडबँड चालत नाही.

आता ट्रिप. एका ठिकाणी कॉम्प्रेसर पडला. १ सेकंदाच्या नोंदीत सक्शन प्रेशर लो, ल्यूब ऑइल प्रेशर लो, व्हायब्रेशन हाय, मोटर बंद आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद, हे सगळं एकाच सेकंदात. झालं, प्रत्येक विभागाने आपल्या सोयीचं कारण उचललं आणि बैठक तासभर तिथेच फिरत राहिली. पुढे सिक्वेन्स ऑफ इव्हेंट्सचं कार्ड बसवलं, ते डिजिटल (चालू-बंद) बदलांना मिलिसेकंदाचा शिक्का मारतं. पुढच्या ट्रिपला ल्यूब ऑइलचा स्विच बाकीच्यांच्या जवळपास तिसरा हिस्सा सेकंद आधी पडलेला दिसला. वाद तिथेच संपला. सगळे टॅग १०० मिलिसेकंदांवर नेऊनही हा क्रम भरवशाने मिळाला नसता, कारण पोलिंगमध्ये वेळेचा शिक्का वाचणारा मारतो आणि घटना त्याआधी केव्हाही घडलेली असते.

म्हणून डिजिटल सिग्नल पोल करू नका, बदल झाला की नोंदवा आणि शिक्का शक्यतो उगमापाशी मारा. वेगळं कार्ड परवडत नसेल तर पीएलसीत फर्स्ट-आउट लॉजिक लिहा, म्हणजे पहिला ट्रिप सिग्नल लॅच होऊन (धरून ठेवला जाऊन) राहतो.

ॲनालॉगसाठी (सलग बदलणाऱ्या किमतींसाठी) पीएलसीतच रिंग बफर (भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिणारी जागा) करा. ८ सिग्नल, २० मिलिसेकंदांच्या स्कॅनने ५०० नोंदी, म्हणजे १० सेकंद. ४ बाइटच्या किमती धरल्या तर सगळे मिळून १६,००० बाइट, आजच्या कुठल्याही मध्यम पीएलसीत मावतील इतके. बफर सतत फिरत राहतो. ट्रिप आली की आणखी २ सेकंद लिहू द्यायचं आणि गोठवायचं, म्हणजे आधीचे ८ सेकंद हाताशी राहतात. मग हिस्टोरियनने ते सावकाश उचलावेत. कॉम्प्रेसरचा सर्ज (फ्लो वारंवार कोसळणं) नोंदवायलाही हाच उपाय आहे. सर्जमध्ये फ्लो डोळ्याचं पातं लवायच्या आत कोसळतो आणि एकेक आवर्तन अर्ध्या ते तीन सेकंदांचं असतं. १ सेकंदाच्या ट्रेंडवर त्याचा काहीतरी गोंधळ दिसतो, आकार दिसत नाही. उत्पादन विभागाला १०० मिलिसेकंदांतून जे हवंय ते त्यांना इथे मिळेल, त्याहून पाचपट बारीक, आणि सर्व्हरवर भार जवळपास शून्य.

व्हायब्रेशनचं तरंगरूप हिस्टोरियनमध्ये घालू नका. १५०० आरपीएमचं मशीन म्हणजे २५ हर्ट्झ, बेअरिंगच्या खुणा त्याच्या कित्येक पट वर. १००० हर्ट्झपर्यंत बघायचं तर रूढ २.५६ च्या पटीने सेकंदाला २५६० नमुने लागतात. ते काम व्हायब्रेशन मॉनिटरचं. त्याने काढलेली एकूण आरएमएस किंमत (कंपनाच्या जोराचा एकच सरासरी आकडा) तेवढी लॉग करा.

मीटरच्या बाबतीत एकच सांगणं: फ्लोची तात्कालिक किंमत लॉग करून तिची बेरीज मारत बसू नका, मीटरचा टोटलायझर (आजवरची एकूण बेरीज दाखवणारा काउंटर) लॉग करा. लिंक अर्धा तास तुटली तरी टोटलायझर पुढे चालू असतो आणि फरक बरोबर निघतो. १६ बिटचा काउंटर ६५५३५ नंतर शून्यावर येतो, तेवढं मात्र गणितात धरा. विजेच्या युनिटचंही तसंच.

जागेचा हिशेब आयटीला आकड्यांत द्या, म्हणजे भांडण मिटतं. एका नोंदीला १६ बाइट धरा. १२०० टॅग १ सेकंदाने म्हणजे दिवसाला १० कोटी ३७ लाख नोंदी, सुमारे १.७ जीबी, वर्षाला ६०० जीबी. १०० मिलिसेकंदांनी त्याच्या दहापट, ६ टीबी. याऐवजी ५० लूपचे १५० टॅग १ सेकंदावर, ५०० टॅग १० सेकंदांवर, ३५० टॅग ६० सेकंदांवर आणि २०० डिजिटल बदलावर ठेवले, तर सेकंदाला साधारण २०६ नोंदी पडतात, वर्षाला १०० जीबीच्या थोडं वर. तेही कॉम्प्रेशन न लावता. आज डिस्कची जागा ही खरी अडचण उरलेली नाही. अडचण येते ती वर्षभराचा ट्रेंड उघडल्यावर स्क्रीन गोठते तेव्हा. त्यासाठी कच्चा डेटा तीन ते सहा महिने ठेवा आणि पुढे एक मिनिटाच्या सारांशावर या. सारांशात सरासरीबरोबर किमान आणि कमाल असलीच पाहिजे. नुसती सरासरी ठेवली तर पाच सेकंदांचा प्रेशर स्पाइक एका मिनिटात विरघळून जातो, आणि रिलीफ व्हॉल्व्ह का उघडला ते सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

घड्याळांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पीएलसी, स्काडा (ऑपरेटरची देखरेखीची संगणक यंत्रणा) आणि हिस्टोरियन एकाच एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या सर्व्हरला) बांधा. दोन पीएलसींच्या घड्याळांत चार सेकंदांचा फरक असेल तर १ सेकंदाच्या लॉगिंगची तुलना निरर्थक आहे. घटनांचा क्रम दोन वेगळ्या कंट्रोलरमध्ये मिलिसेकंदापर्यंत जुळवायचा असेल तर एनटीपीवर भिस्त ठेवू नका, पीटीपी (घड्याळं जुळवायची त्याहून अचूक पद्धत) लागेल.

सुरुवात कुठून करायची? प्रत्येक प्रकारचे दोन-तीन टॅग निवडा, सिस्टिमला झेपेल त्या सर्वांत जास्त वेगाने, डेडबँड शून्य करून चोवीस तास नोंदवा. त्या काळात एखादा स्टार्टअप किंवा बॅच बदल येईल असं बघा, कारण स्थिर चाललेल्या प्लान्टला कुठलाही वेग पुरतो. मग त्याच फाइलमधून दर पाचवी, दर दहावी, दर साठावी नोंद उचलून ट्रेंड एकावर एक ठेवा. ज्या टप्प्यावर आकार बदलू लागतो त्याच्या एक टप्पा अलीकडचा वेग घ्या. वाद घालायला आलेल्यांना हे आलेख दाखवले की बहुधा पुढचं बोलणं छोटं होतं.

वेग किंवा डेडबँड बदलाल त्या दिवशी तारीख आणि जुनी किंमत टॅगच्या वर्णनात लिहा. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी जुना आणि नवा डेटा शेजारी ठेवेल, अमुक महिन्यापासून लूपची अस्थिरता दुप्पट झाली असं ठरवेल आणि निर्दोष व्हॉल्व्ह खोलून बसेल.